दोनशे लिटरचं घर

ताई, नमस्कार.

मी लातूरची. वय ५८, दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाले. मिस्टर तीस वर्षं मर्चंट नेव्हीत होते, चीफ इंजिनिअर म्हणून उतरले. त्यांनी आणि जहाजावरच्या दोन मित्रांनी मिळून ग्रीसमध्ये प्रेवेझा नावाच्या बंदरात एक जुनी शिडाची बोट घेतली आहे, एकतीस फुटांची. मित्र आठवडा-पंधरवडा येऊन जाणार. ह्यांचं म्हणणं, लेकरं मार्गाला लागली, आता आपण दोघांनी दरवर्षी एप्रिल ते सप्टेंबर बोटीवरच राहायचं.

गेल्या सप्टेंबरात मी तीन आठवडे राहून आले. निसर्ग फार सुंदर, त्याबद्दल तक्रार नाही. पण अंघोळ म्हणजे दोन तांबे पाणी. संडासला हातपंप मारायचा. झोपायला पुढच्या टोकाची त्रिकोणी जागा, उठताना रोज डोकं आपटायचं. फ्रिज दुपारनंतर बंद. मिक्सर नाही. कपडे कायम चिकट. पहिल्या आठवड्यात भांडी घासताना माझ्याकडून नळ सुरू राहिला, तर हे इतके ओरडले की शेजारच्या बोटीवरची माणसं बघायला लागली. (आणि संध्याकाळी सहा ते नऊ काय करायचं ते कळायचं नाही. इथं त्या वेळेला आमच्या ओट्यावर चार बायका असतात.)

हे मला तारिणी बोटीतून जगाला फेरी मारून आलेल्या नौदलाच्या त्या दोन मुलींचे व्हिडिओ दाखवतात. म्हणतात, त्यांना आठ महिने जमलं, तुला तीन आठवडे जमेना? सून म्हणते, आई, तुम्हाला सुखाची सवय लागलीय. असेल. माझा प्रश्न एवढाच की या वयात कमी सुखसोयींत राहायची सवय लावून घेता येते का? कशी? आणि नाहीच लागली तर मी चुकीची का?

— एक वाचक, औसा रोड, लातूर

*

बाई, (शाळेतून निवृत्त झालात म्हणून लातुरात तुम्हाला ताई कोण म्हणणार आहे?)

सूनबाईंचं वाक्य आधी बाजूला काढू. २०१६ साली तुम्ही लातुरातच असणार. मांजरा धरणाचा तळ दिसत होता, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, आणि एप्रिलात मिरजेहून पहिली जलदूत, म्हणजे पाण्याची रेल्वे, आली तेव्हा अख्खं गाव तिच्याविषयीच बोलत होतं. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकर आठ दिवसांनी यायचा आणि घरटी दोनशे लिटर द्यायचा. दोनशे लिटर म्हणजे बरोबर एक टिपाड. आम्ही घरात पाच माणसं. भागाकार तुम्हीच करा, मुलांकडून आयुष्यभर करून घेतलात: माणशी रोज पाच लिटर. प्यायचे जार विकत घ्यायचो, ते वेगळे.

आता तुमच्या बोटीकडे या. तेवढ्या लांबीच्या जुन्या बोटीची पाण्याची टाकी साधारण दोनशे लिटरची, फार तर अडीचशेची असते. म्हणजे पुन्हा तेच एक टिपाड. पण माणसं दोन. जपून वापरलं तर पिणं, स्वयंपाक, भांडी, अंगावर ओतायचं, सगळं धरून माणशी दहा लिटरात दिवस निघतो. टाकी दहा दिवस पुरते, आणि दहा दिवसांत कुठल्या ना कुठल्या धक्क्यावर पाण्याचा पाइप मिळतोच. म्हणजे लातुरात त्या उन्हाळ्यात भागवलं त्याच्या दुप्पट पाणी तुम्हाला प्रेवेझात होतं. शिवाय उडी मारायला सगळा समुद्र मोकळा.

तरी ते टोचलं. का टोचलं, यावर मी दोन दिवस विचार केला, आणि तुमच्याच पत्रातल्या नळाच्या वाक्यापाशी येऊन थांबले.

लातुरात टिपाडाच्या झाकणावर तुमचा हात होता. तांदूळ धुतलेलं पाणी कुठल्या कुंडीला, अंघोळीचं परातीत धरून कशाला, पाहुण्याला तांब्या भरून द्यायचा की अर्धा, हे सगळं तुम्ही ठरवत होता. मिस्टर बहुधा तेव्हा कुठल्या तरी महासागरात असतील. घरातल्या सगळ्यांना पाणी तुम्हाला विचारून मिळत होतं. बोटीवर पाणी तेवढंच, पण टाकीत किती उरलंय हे त्यांना माहीत, तुम्हाला नाही. नियम त्यांचे, आणि नियम मोडल्यावरच तुम्हाला कळायचे. निवृत्त शिक्षिकेला शेजाऱ्यांसमोर ओरडा बसला. हे कमी पाण्याचं दुःख नव्हे, बाई.

मी हे ऐकीव सांगत नाही. माझे धाकटे दीर आणि जाऊ काही वर्षं तुर्कस्तानच्या किनाऱ्याला चौतीस फुटी बोटीवर राहायचे. त्यांच्याकडे दोन उन्हाळे मिळून अकरा आठवडे काढलेत मी. पहिल्या आठवड्यात मीही रडले आहे, तेही संडासात, कारण आतून कडी लावता येईल अशी बोटीत तेवढी एकच जागा होती. आणि रडायचं कारण विचाराल तर जावेनं माझ्या हातातून चमचा काढून घेतला होता. चमच्याची जागा चुकली होती म्हणून.

तुमच्या मिस्टरांविषयी एक गोष्ट. ती त्यांना वाचून दाखवा, रागावले तर माझ्यावर ढकला. त्यांचा तीस वर्षांचा समुद्र मला मान्य आहे. पण तो कुठला समुद्र? दोनशे मीटरचं जहाज, चीफ इंजिनिअरला स्वतंत्र केबिन, आत बाथरूम, जेवायला कुक, कपड्यांना वॉशिंग मशीन, आणि खलाशी बडासाब म्हणून बाजूला होणारे. पाणी तर त्यांच्याच खात्यातलं. मोठ्या जहाजावर इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळून गोडं करायचं यंत्र असतं, ते दिवसाला वीस-पंचवीस टन पाणी सहज काढतं. वीस टन म्हणजे वीस हजार लिटर. शंभर टिपाडं, रोज! टिपाडभर पाण्यात दहा दिवस काढायचा सराव त्यांना कधी झाला? तो तुम्हाला आहे. छोट्या बोटीत ते तुमच्याइतकेच नवे आहेत, आणि नव्या माणसाचा आवाज चढतो. पहिल्या वर्षीच्या मास्तरचा वर्गात चढतो तसा. तुम्ही कितीतरी पाहिले असतील.

तारिणीचंही सांगते. उदाहरण द्यायचं तर सगळं द्यावं. ती बोट छप्पन्न फुटांची. लेफ्टनंट कमांडर दिलना आणि लेफ्टनंट कमांडर रूपा २ ऑक्टोबर २०२४ला गोव्याहून निघाल्या आणि मे २०२५च्या अखेरीस परतल्या. मागे वर्षांचा सराव होता, नौदल होतं. पण मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की दोघींचा हुद्दा सारखा. एक झोपली की बोट दुसरीच्या ताब्यात. दोघींतली एकही तिथं पाहुणी म्हणून गेली नव्हती. मिस्टरांना म्हणा, तारिणीसारखं राहायला मी तयार आहे, फक्त अर्धी बोट माझ्याकडे द्या.

आणि खरंच मागा. पाण्यापासून सुरुवात करा. विजेचा पंप असेल तर त्याचा खटका बंद ठेवायचा. नळ उघडला की तो धो धो सोडतो आणि दोन मिनिटं विसरलात की दिवसाचं पाणी गेलं. जुन्या बोटींत बहुतेक वेळा मोरीखाली पायानं दाबायचा पंप असतो, नसेल तर स्वस्तात बसवता येतो. जितकं दाबाल तितकंच येतं. त्याहून साधं म्हणजे रोज सकाळी टाकीतून दहा लिटरचे दोन कॅन भरून घ्यायचे. हे आजचं. कॅन डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे कुणी कुणावर ओरडायची वेळ येत नाही. दिवस मावळताना जे उरेल त्याचा चहा करा नाहीतर केस धुवा, तुमची मर्जी. बडासाबनी दाढीला पाणी मागितलं तर कपात मोजून द्या. (हे मी गमतीनं लिहिलं, पण अगदीच गमतीनं नाही.)

अंघोळीचा उपाय तर तुम्हाला कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळेल. तो हातानं हवा भरायचा पाच लिटरचा फवारणी पंप असतो ना, घरच्या झाडांना मारायचा, तो. नवा कोरा घ्या, औषधाचा वास लागलेला चुकूनही नको. काळ्या रंगाचा मिळाला तर डेकवर उन्हात ठेवला की पाणी कोमट होतं. आधी समुद्रात डुबकी, मग दोन लिटरचा फवारा. बोटीवर राहणारी गोरी माणसं सर्रास हेच करतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कापसातली फवारणी आठवून हसू आवरेना. डोक्यात ठेवायची गोष्ट एकच. आपला साधा साबण खाऱ्या पाण्यात फेसाळत नाही, भांड्यांचं लिक्विड किंवा शाम्पू फेसाळतो. आणि शेवटचं पाणी गोडंच हवं, अंगाला आणि कपड्यांनाही. कपडे चिकट राहायचे म्हणता, ते मिठामुळे. मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे खाऱ्या पाण्यात धुतलेला कपडा दोरीवर चार दिवस टाकला तरी सुकल्यासारखा वाटत नाही. कपडे कमी न्या, सुती न्या, आणि धक्क्याला पाणी मिळेल त्या दिवशीच धुवा. साडीचा आग्रह असेल तर तो इथंच ठेवून जा. डेकवर चढउतार करताना निरी पायात आली तर प्रश्न सुखसोयीचा राहत नाही.

संडासविषयी बायका लिहीत नाहीत, तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. तो पंप पंधरा-वीस वेळा मारायचाच, अर्ध्यावर सोडला की नळीत तुंबतं. बोटवाल्यांत एक ठरलेलं बोलणं आहे, की पोटातून जे आलं नाही ते त्यात टाकायचं नाही. म्हणजे कागदसुद्धा नाही. इथं आपण त्यांच्या पुढे आहोत, आपलं एक टमरेल नेलं की काम झालं. जागा अरुंद असली तरी तिथली जमीन भिजायलाच केलेली असते. सकाळी धक्क्याला बोट लागलेली असेल तर सरळ किनाऱ्यावरच्या हॉटेलात कॉफी घ्या आणि तिथलं स्वच्छतागृह वापरा, सगळे तेच करतात. बंदरात तसाही संडास थेट समुद्रात सोडायचा नसतो, बोटीतल्या टाकीत साठवायचा असतो, आणि ती टाकी लहान असते.

डोकं आपटणं तिसऱ्या आठवड्यानंतर आपोआप थांबतं. तुम्ही नेमक्या तेव्हाच परत आलात. पण ती त्रिकोणी जागा दोघांना कशाला हवी? टोकाकडे, पायांशी, ती निमुळती होत जाते, रात्रभर दोघांची लाथाळी. मधल्या खोलीतला लांब बाक झोपायला उत्तम असतो, आणि बोट हलते तेव्हा मधल्या भागात सगळ्यात कमी हलते. एकानं तिथं झोपावं. पन्नाशी उलटलेल्या नवराबायकोनं वेगळं झोपलं तर आयोनियन समुद्राला काही वाटत नाही. रात्री वर डोलकाठीवर टकटक आवाज होत असेल तर ते दोर काठीवर आपटतात. बाजूला ताणून बांधले की गप्प बसतात. तीन रात्री मी तो आवाज सोसला आणि चौथ्या रात्री कळलं की अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

स्वयंपाकाचं मात्र सविस्तर सांगते, कारण तिथं तुम्ही राणी होऊ शकता. मिक्सर विसरा. साडेसातशे वॅटचा मिक्सर बारा व्होल्टच्या बॅटरीतून साठ अँपिअरच्या वर ओढतो, आणि मग मिस्टर त्या बॅटरीकडे बघत बसतील. लोखंडी खलबत्ता न्या. जड असतो म्हणूनच न्या, हलत नाही. प्रेशर कुकर न्या. तो बोटीवर जगभर लाडका आहे, कारण झाकण पक्कं बसतं. बोट कलली, कुकर पडला, तरी आतली खिचडी आतच राहते. गॅसही कमी लागतो. फ्रिजवर भरवसा ठेवायचा नाही, कारण बोटीवर सगळ्यात जास्त वीज तोच खातो. आता मला सांगा, आपल्या मराठवाड्याचं जेवण फ्रिजच्या आधीचंच आहे की नाही? शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, सांडगे, वाळवलेल्या गवारी, आणि येसर. भाजून दळलेलं येसर डब्यात असलं की पाण्यात कालवून, लसणाची फोडणी देऊन दहा मिनिटांत आमटी. धपाटे सकाळी करून ठेवले की दुपारी, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशीही चालतात, आणि दह्याची चिंता ग्रीसमध्ये कुणी करू नये. तिथलं घट्ट दही पाहून मला आमच्या जुन्या म्हशीची आठवण झाली. फोडणी देताना मात्र डोक्यावरची खिडकी उघडी हवी. मी एकदा बंद बोटीत मिरचीची फोडणी टाकली आणि चौघं खोकत डेकवर. शेजारच्या बोटीवाल्यानं आग विझवायचं नळकांडं हातात घेतलं होतं.

गॅसवरून आठवलं, आणि इथं माझा सूर बदलतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दाराखालून तरी बाहेर जातो. बोटीत तो तळाला जाऊन साचतो आणि तिथंच बसून राहतो. त्यामुळे स्वयंपाक झाला की दर वेळी, अगदी दर वेळी, शेगडीचं बटण नव्हे तर सिलिंडरचा कॉक बंद. इथं आळस चालत नाही.

अशाच आणखी काही गोष्टी आहेत ज्या तुम्ही ‘कमी सुखसोयी’ या नावाखाली सोसू नका, कारण त्या सुखसोयी नाहीतच. मिस्टर पाण्यात पडले तर बोट कशी थांबवायची आणि वळवायची, हे तुम्हाला येतं का? इंजिन सुरू करता येतं? व्हीएचएफ रेडिओच्या सोळा नंबरच्या चॅनेलवर मदत कशी मागायची? तीन आठवड्यांत हे शिकवलेलं दिसत नाही, नाहीतर तुम्ही पत्रात लिहिलं असतंत. दोनच माणसांच्या बोटीवर एकालाच सगळं येणं म्हणजे दुसऱ्याचा जीव टांगणीला. ही शिकवणी पहिल्या चार दिवसांत, धक्क्याला बांधलेल्या बोटीवर, वही घेऊन. आणि ज्या वाऱ्यात तुम्हाला भीती वाटते त्या वाऱ्यात नांगर उचलायचा नाही, हा तुमचा नकार चालला पाहिजे. ओरडणंही याच यादीत घाला. पाणी सांडलं तर पुन्हा भरता येतं. बोट बांधताना, नांगर टाकताना नवराबायकोत आरडाओरडा होतो तो सगळ्याच बोटींवर होतो, त्याला एक उपाय आहे. हातांच्या खुणा आधी ठरवून ठेवायच्या. पुढे, मागे, थांब. एवढ्या तीन खुणांनी माझ्या दीर-जावेचा संसार वाचला, असं जाऊ म्हणते.

माझ्या आईची एक गोष्ट सांगते. माझं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या अलीकडचं. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, चार वाजायला चार मिनिटं कमी. आदल्या रात्रीच गणपती बुडवून लोक झोपले होते. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवदाचं ओझं, काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या घरातली माणसं वाचली, घर गेलं. पुढे कितीतरी महिने आई, वडील, भाऊ, वहिनी आणि दोन लेकरं पत्र्याच्या एका शेडमध्ये होती. मी महिनाभर जाऊन राहिले. उन्हात पत्रा तापायचा, पावसात बोलणं ऐकू यायचं नाही. आईनं ढिगाऱ्यातून काय काढून आणलं असेल? जातं. गावात गिरणी होती, जात्यावर दळणं कधीच सुटलं होतं, आणि शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊ चिडला. वहिनी म्हणाली, आत्या, यावर आता झोपायचं का? आईनं कोपऱ्यात जातं मांडलं, त्याला पाणी लावून पुसलं, आणि त्या दिवसापासून शेडमधल्या बाकीच्या वस्तू कुठे ठेवायच्या ते ती सांगायला लागली. पेटी जात्याच्या उजव्या हाताला. कंदील जात्याच्या वर. त्याआधी आठ दिवस ती नुसती बसून असायची.

तेव्हा तुम्ही बोटीवर एक बिनकामाची वस्तू न्या. काय ते मी सांगणार नाही. मिस्टर म्हणतील, वजन वाढतं. वाढू द्या. तिची जागा तुम्ही ठरवा आणि ती जागा कुणी हलवायची नाही.

(हे लिहिताना बीडकडच्या ऊसतोड जोडप्यांची कोपीही डोळ्यांसमोर आली. दिवाळीनंतर पाचटाच्या खोपटात सहा-सहा महिने, दोन पातेली आणि एक ट्रंक. पण ती तुलना मी मध्येच सोडून दिली. तिथं आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते, आणि कोणी त्यांना पत्रातून विचारत नाही की सवय लागली का. आपण बोटीच्या गोष्टी बोलतोय हे मनात ठेवून बोलू, एवढंच.)

आता तुमचा कंस. संध्याकाळी सहा ते नऊ. पत्रातली सगळ्यात खरी तक्रार तुम्ही कंसात टाकलीत. याला माझ्याकडे पुरता इलाज नाही. धक्क्यावर बोटी एकमेकींना खेटून लागतात, तिथं ओळखी लवकर होतात, एका धपाट्यावर मी तिकडे दोन मैत्रिणी मिळवल्या. तुम्ही शिक्षिका, तुम्हाला बोलायला भाषा कमी पडणार नाही. तरी ती माणसं चार दिवसांनी नांगर उचलून जातात. औसा रोडचा ओटा तिथं येणार नाही, आणि तो येत नाही याचं वाईट वाटणं म्हणजे सुखाची चटक नव्हे. पाण्याशिवाय राहायला तुम्ही शिकलात. माणसांशिवाय राहायला शिकायचं कारण मला दिसत नाही.

म्हणून मुदत कमी करा. शिवाय मिस्टरांचा एप्रिल ते सप्टेंबरचा बेत कागदावरच बसत नाही. ग्रीस शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात येतो, आणि आपल्या पासपोर्टवर साध्या व्हिसानं कुठल्याही १८० दिवसांत तिथं ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. त्यामुळे सलग सहा महिने दोघांनाही नाहीत. बडासाबनी त्यांचे नव्वद काढावेत, मित्रांना बोलवावं. तुम्ही पंचेचाळीस काढा. एप्रिलमध्ये ओट्यावरच्या बायकांबरोबर कुरडया-पापड उरकायचे, मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचं, जूनच्या मध्याला परत. लातूर बेचाळीस डिग्रीत असताना तुम्ही समुद्रात, हे काही वाईट नाही. जुलै-ऑगस्टात तिकडे गर्दी आणि उकाडा दोन्ही असतं, बंद बोटीत ते सोसवत नाही. आणि त्या पंचेचाळिसांत दर आठ-दहा दिवसांनी एक रात्र किनाऱ्यावर खोली घ्यायची. दार, पलंग, पाण्याची पूर्ण बादली. खर्च होईल. बोटीचा एक दोर घेतानाही होतोच.

पंचेचाळीस दिवसांनंतरही नको वाटलं तर नको म्हणा. चुकीच्या तुम्ही आत्ताही नाही, तेव्हाही नसाल. पण मला उत्सुकता आहे, टाकीची चावी तुमच्याकडे आल्यावर तुम्ही मला काय लिहिता याची.

ता. क. सामान भरताना तूप काढून ठेवा, खवा-पेढेही. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे, विमानतळावर काढून घेतात. ज्वारीचं पीठ आणि येसर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक बरण्यांत न्या. पुठ्ठ्याची खोकी बोटीवर चढवू नका, त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात. येसर दोन किलो तरी घ्या, कारण शेजारच्या बोटीवाले दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन येतात.